पाणी नसलेल्या गावातली तीन वॉशिंग मशीनं

लातूर, २ डिसेंबर २०१५

चि. कमलम्मा,

आशीर्वाद लिहितो. घ्यायचे की न्हाई ते तू ठरव.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून रजिस्टर पत्र पाठवून राहिलो. सोबत पोचपावती जोडली आहे. पोस्टमनसमोर तुला तिच्यावर सही करावी लागेल आणि ती पावती माझ्याकडे परत येईल. बोलू नकोस, सही तर करशील! बारदान्याच्या धंद्यात तीस वर्षं काढली, एवढं कळतं की माणूस अबोल झाला तरी पावती बोलते.

दिवाळीला तू आली न्हाईस. तुझ्या आईनं तुझ्या वाटच्या शेंगापोळ्या डब्यात घालून ठेवल्या होत्या. पंधरा दिवस ठेवल्या. शेवटी तुझ्या धाकट्या भावानं, मन्मथनं खाल्ल्या. नळाला पाणी अठरा दिवसांनी येतं. दुकानात रिकामी पोती रिकामीच पडून आहेत. दोन सालं पीक न्हाई, तर लोक पोत्यात भरतील काय? ऊन?

आता मुद्दा. ऑक्टोबरात वसुलीवाल्याचा फोन थेट तुझ्या हॉस्पिटलच्या कॅश काउंटरवर आला. "एक लाख चोवीस हजार कधी भरता मॅडम?" हे त्यानं असं विचारलं की शेजारच्या दोघींनी ऐकलं. मला ते कळलं तेव्हा वाईट वाटलं. तुला वाटतं, अप्पाला वाटलं न्हाई. पण एक ऐकून घे. तुझं क्रेडिट कार्ड माझ्याकडे होतं तेव्हा ऑगस्टपर्यंत मी एकही मुदत चुकवली न्हाई.

मी हमाल होतो तेव्हा एका म्हाताऱ्या शेटनं मला एकच गोष्ट शिकवली. मुदतीच्या दिवशी तोंड लपवायचं न्हाई. शंभर देणं असलं आणि खिशात पाच असले, तर पाच घेऊन जायचं. समोर बसायचं, चहा प्यायचा, पाच ठेवून उठायचं. शेट म्हणतो, माणूस खरा आहे, राहिलेलं पुढच्या मुदतीला. ह्या एका गोष्टीवर मी पाठीवरचं पोतं खाली ठेवून गादीवर बसलो. हे तुला आणि मन्मथला मी लहानपणापासून सांगत आलो.

बँकेच्या कागदावर तेच छापलेलं! एकूण देणं इतकं, 'किमान देय' इतकं. मी म्हटलं, बघा, ह्या लोकांनाही बाजाराची रीत ठाऊक आहे. दर महिन्याला तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः रांगेत उभा राहून मी किमान भरलं. बँक एवढी खूश झाली की पाच महिन्यांत साठ हजारांची मर्यादा सव्वा लाख करून दिली. शेटनं उधारी वाढवून दिली म्हणजे आपली पत वाढली, आम्ही तर हेच शिकलो. सहा महिन्यांत सोळा हजार भरले आणि देणं हललं चार हजारांनी, हे मला नंतर कळलं. कागदावर बारीक अक्षरात होतं म्हणतेस. बारीक अक्षर मला दिसत न्हाई, अक्का. ऐकू मात्र सगळं येतं.

तुझी आई म्हणते, जेवणाची आबाळ करू नकोस. आणखीही बरंच म्हणाली, ते माझ्याबद्दल आहे, म्हणून लिहीत न्हाई.

— अप्पा

लातूर, २३ जानेवारी २०१६

चि. कमलम्मा,

पोचपावती परत आली. सही पाहिली. खरं सांगतो, तुझी खरी सही मी नीट पहिल्यांदाच पाहिली. रेवणसिद्धाच्या दुकानात कार्ड घासलं की निघणाऱ्या चिठ्ठीवर मी तुझी सही करायचो, तेव्हा 'क'ला शेपूट काढायचो. तू काढत न्हाईस.

सहीखाली तू तीन शब्द लिहिलेस. 'तिसरी मशीन कशाची?' पोस्टमननं वाचले, पेठेतल्या पोस्टमास्तरनं वाचले. मला म्हणाला, "ईश्वरप्पा, घरी तीन-तीन मशीनं? अन् आमच्याकडं हंड्याला पाणी न्हाई!" मी हसलो. न हसून करतो काय?

तू बँकेतून कागद काढलास आणि तुझ्या नावावर सात महिन्यांत तीन वॉशिंग मशीनं घेतलेली पाहिलीस. मशीन एकही न्हाई हे तुला ठाऊक आहे. कार्डावर रोख काढलं तर व्याज जबर. म्हणून रेवणसिद्ध आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कार्ड घासायचा, बिल मशीनचं फाडायचा, शेकडा अडीच कापून बाकी रोख माझ्या हातात द्यायचा. अर्धं लातूर असंच करतं. मी त्याला म्हणायचो, "अरे, फ्रिजचं बिल फाड, पंख्याचं फाड. गावाला प्यायला पाणी न्हाई अन् तू कपडे धुवायची मशीनं विकायला लागलास!" तो म्हणाला, "मामा, मशीनलाच मार्जिन बरं दिसतंय कागदावर."

पहिली मशीन बावीस हजारांची. ती तुझ्या आईच्या मोतीबिंदूची. संक्रांतीला तूच तर कार्ड माझ्या हातावर ठेवलंस. "अप्पा, आईचे डोळे आधी," म्हणालीस. ते तुझं पुण्य आहे, मी त्यात वाटेकरी न्हाई. खातं कॉलेजच्या वेळी माझ्याच मोबाइल नंबरावर उघडलेलं, म्हणून बँकेचे निरोप मला येत राहिले आणि तुला आले न्हाईत. तसं मी काही ठरवून केलेलं न्हाई. बदलायचं राहून गेलं.

दुसरी एकतीस हजारांची. कलकत्त्याहून आलेल्या पोत्यांच्या गाठी सोडवायच्या होत्या आणि घरच्या टँकरचे चार महिन्यांचे पैसे थकले होते.

तिसरीचं सविस्तर पुढं लिहीन. आज गिऱ्हाईक आहे दुकानात.

तुझी आई सांगत होती, "लिवा, पोरीनं रूम बदलली का? चौघीत राहून राहिली म्हणं. एका डब्यात दोन वेळा जेवती म्हणं." मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "कान काय तुम्हालाच दिले हायत का देवानं?"

— अप्पा

लातूर, १५ एप्रिल २०१६

चि. कमलम्मा,

परवा नांदेडला येऊन गेलो ते तुला ठाऊकच आहे. तरी लिहितो, कारण तिथं मला बोलू दिलं न्हाईस.

इकडं रेल्वेनं पाणी आलं. लोक डब्यांसोबत फोटो काढून घेत होते. मी ते बघून स्टँडवर गेलो. अहमदपूर, लोहा करत चार तास. खिशात वीस हजार होते. जुनी पोती निम्म्या भावात काढून जमवलेले. तुझ्या काउंटरपुढं रांगेत उभा राहिलो. काचेमागं तू वाळलेली दिसलीस. माझा नंबर आला तेव्हा तू मान वर न करता विचारलंस, "पेशंटचं नाव?"

"ईश्वरप्पा."

"वॉर्ड?"

"अजून कुणी भरती करून घेतलं न्हाई, बाई."

तुझ्या शेजारची मुलगी खुदकन हसली. तू हसली न्हाईस. "अप्पा, मागं लाईन हाय."

मी काचेखालच्या फटीतून पुडकं सारलं.

"हे कोणतं बिल?"

"तुझंच."

"माझं बिल मी भरून राहिले. तिसरी मशीन कशाची ते सांगा, मग पैसे घेते."

"लोकांत कशाला ते, अक्का?"

"लोकांतच फोन आला होता."

मागचा एकजण म्हणाला, "ओ काका, सरका की! तिकडं माझं सलाईन संपायलंय." तू पुडकं तसंच फटीतून परत सारलंस आणि म्हणालीस, "पुढचे."

तीस वर्षांत मला कुणी 'पुढचे' म्हणालं न्हाई. हमाल होतो तेव्हाही न्हाई.

खालच्या कँटीनमध्ये चहा घेतला. माझ्या पाठीमागं तुमच्या इथल्या दोघी बोलत होत्या. माझे कान तुला ठाऊक आहेत. पोतं नुसतं झटकलं तरी आवाजावरून मी भोक कुठं आहे ते सांगतो. एक म्हणाली, "कमलचं हैदराबादचं गेलं. हॉस्पिटल मॅनेजमेंटला नंबर लागला होता, बँकेनं लोन नाकारलं." दुसरी म्हणाली, "कार्डाच्या भानगडीमुळं?" पहिली म्हणाली, "तिच्या बापानं..." आणि पुढं आवाज बारीक केला. तोही मला ऐकू आला.

तू मला हैदराबादचं कधी सांगितलं न्हाईस. सांगितलं असतंस तर,

न्हाई. सांगितलं असतंस तरी जुलैत मी तेच केलं असतं. हे आज लिहून टाकतो, उद्या लिहिणार न्हाई.

— अप्पा

लातूर, १७ ऑगस्ट २०१६

चि. कमलम्मा,

परवा झेंडा झाला. मन्मथ अजून पेपर देऊनच राहिला आहे, कशाचे ते मी विचारत न्हाई. आईचे डोळे छान आहेत. तांदळातला खडा आता माझ्याआधी तिला दिसतो.

यंदाही उदगीर जिल्हा झाला न्हाई. तिकडच्या लोकांनी फटाके आणून ठेवले होते म्हणे. पंचवीस वर्षं ऐकून राहिलो, ह्या झेंड्याला होतो, त्या झेंड्याला होतो. गेल्या साली तर पक्कं होतं. बाजारात दोन माणसं बोलत होती, एक मुंबईहून आलेला. जळकोट रोडला कलेक्टर कचेरी, तिच्या समोर कोर्ट, मागं पोलीस लाईन. नकाशासुद्धा निघाला होता. मुखेड-देगलूर नांदेडातून फोडून इकडं येणार होतं. रोडपासून तिसऱ्या रांगेतला दोन गुंठ्याचा तुकडासुद्धा सहा महिन्यांत तिप्पट झाला असता. तसा हिशेबच लागला होता आणि मुदत फक्त आठ दिवसांची होती. हणमंतराव म्हणून मालक आहे, तो म्हणाला, आज इसार दिला तर ह्या भावात, उद्या न्हाई. आता तोच हणमंतराव फोन उचलत न्हाई. तिथं कुसळं उगवलीत. दगडाला चुना लावून आखलेल्या रेषासुद्धा पुसल्या.

तुला वाटेल, बारदानेवाल्या अप्पाला कलेक्टर कचेरीची एवढी फिकीर का. जाऊ दे. आपलं मूळ गाव तिकडचं, म्हणून लिहिलं.

— अप्पा

लातूर, १२ नोव्हेंबर २०१६

चि. कमलम्मा,

मागच्या पोचपावतीवर तू दोनच शब्द लिहिलेस. 'कुणाच्या नावावर?'

मी ती पावती तीन महिने गल्ल्यात ठेवली. गल्ला उघडला की वर तीच. तू माझी मुलगी आहेस, कान माझेच घेतलेस. मी उदगीरचं सगळं लिहिलं, रोड लिहिला, गुंठे लिहिले, मालकाचं नाव लिहिलं, आणि जे लिहिलं न्हाई तेवढंच तू ऐकलंस.

मन्मथच्या नावावर.

चौसष्ट हजारांची तिसरी मशीन. दोन गुंठे, जळकोट रोड, इसारपावतीवर खरेदीदार चि. मन्मथ ईश्वरप्पा. रेवणसिद्धानं विचारलं होतं, "मामा, कार्ड अक्काचं अन् प्लॉट कुणाचा?" मी त्याला म्हटलं, "पोरगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल. तिथं तिला कमी काय?" त्यानं कार्ड घासलं. मी तुझी सही केली. शेपटाची.

मन्मथला त्याची पत विचारायला बँकेत पाठवलं असतं तर साठ रुपये मिळाले नसते. पत तुझी होती. एकवीस हजार पगाराची, रोज आठ तास काचेमागं बसून मिळवलेली. मी ती एका खोट्या जिल्ह्याच्या तिसऱ्या रांगेत गाडली आणि वर त्याच्या नावाचा दगड रोवला. दाभणानं पोतं शिवतात तसं हे वाक्य मी चार वेळा उसवून शिवलं. ह्यापेक्षा नीट जमत न्हाई.

आता पुढचं ऐक, हसशील तर हस. वर्षभर फोन न उचलणारा हणमंतराव तीन दिवसांपूर्वी आपणहून घरी आला. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. पायरीवरूनच म्हणाला, "ईश्वरप्पा, तुमचा इसार माझ्या मनाला खात होता बघा." पन्नास हजार, सगळे जुने पाचशे. "बाकीचे चौदा?" म्हटलं, तर म्हणाला, "ते चुन्याला गेले." मी घेतले. प्लॉटवाला पैसे परत द्यायला घरी येतो हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

काल सकाळी सातला बँकेच्या रांगेत लागलो, दीड वाजता खिडकीशी पोचलो. तुझ्या कार्डाचे सोळा आकडे मला पाठ आहेत. तुझ्या जन्माची तारीख मला विचारून बघ, अडखळेन. आकडे सांगितले, पन्नास हजार पुढं केले. क्लार्कनं बघितलं आणि म्हणाला, "काका, हे कार्ड ऑक्टोबरातच बंद झालं. बाकी शून्य. सगळं भरून ना-देय दाखला पण नेलाय."

"घेऊन तर ठेवा," मी म्हटलं.

"बंद कार्डात पैसे जात न्हाईत, काका."

सव्वा लाख आणि वरचं व्याज. एका वर्षात. एका डब्यात दोन वेळा जेवून आणि, तुझी आई सांगते तसं, रविवारी पोरांना टॅली शिकवून. तू नुसतं 'किमान देय' एकदाही भरलं न्हाईस, दर महिन्याला भरता येईल तेवढं सगळं भरलंस. म्हाताऱ्या शेटचा धडा तू मोडलास म्हणून सुटलीस.

पन्नास हजार माझ्या खात्यात पडून आहेत. ते तुझे आहेत. हैदराबादची फी अजून भरता येते का ते कळव. तू मागत होतीस ते उत्तर हे एवढंच. दहा महिने उशिरा.

— अप्पा

लातूर, १ डिसेंबर २०१६

चि. कमलम्मा,

मागचं पाकीट परत आलं. पोस्टमननं लाल शाईनं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. म्हणजे त्यात काय होतं ते तुला ठाऊक न्हाई. किंवा ठाऊक आहे म्हणूनच घेतलं न्हाईस.

पाकीट पोस्टमननं माझ्या हातात दिलं न्हाई. मी दुकानात होतो, त्यानं तुझ्या आईला दिलं. मी जेवायला आलो तर ती ते मांडीवर घेऊन बसलेली.

"पोरीकडून आलंय?"

"न्हाई. आपलंच परत आलंय."

"वाचा."

मी फोडलं आणि सुरुवात केली, "सर्व खुशाल, इकडं पाऊस चांगला झाला..."

"एवढं जाड पाकीट खुशालीचं असतंय व्हय?" म्हणाली. "आता मला दिसतंय. अक्षर येत न्हाई, पण तुमची बोटं कुठल्या ओळीवर थांबली ते दिसतंय. तिथून वाचा."

मग तिथून वाचलं. सगळं. मन्मथ पलंगावर बसलेला होता, तो मधेच उठून बाहेर गेला. तुझ्या आईनं मान हलवली न्हाई. संपल्यावर तिनं विचारलं, "माझ्या डोळ्याला किती लागले?"

"बावीस."

"म्हणजे एकच मशीन माझी."

"हो."

"तीन मशीनं घेतली पोरीच्या नावानं. एक तरी घरात आणली असती, तर तिला कधी म्हणता आलं असतं, माझ्या आईचे कपडे माझ्या मशीनमधी धुतात."

मी म्हटलं, "अगं, पाणी कुठं होतं?"

"आता हाय की," ती म्हणाली. "मशीन कुठंय?"

मी पुन्हा काहीतरी बोलायला गेलो तर तिनं तिच्या माहेरच्या कानडीत एकच शब्द टाकला, "साकु." म्हणजे पुरे.

आज सकाळच्या नांदेड गाडीनं ती तुझ्याकडं निघाली. दोन लुगडी, शेंगापोळीचा डबा. मी स्टँडपर्यंत पिशवी धरली. चढताना म्हटलं, मीपण येऊ का? "तुम्ही न्हाई. तुम्हाला तिनं दोनदा विचारलं, तुम्ही सांगितलं न्हाई. मला तिनं कधी काही विचारलंच न्हाई, म्हणून मी चालले." पन्नास हजारांचा चेक तिच्या हातात ठेवला, तिनं तो वाचताही न येता उलटसुलट बघितला आणि मला परत दिला. "तिचा बंद झालेला हिशेब पुन्हा उघडू नका," म्हणाली.

उदगीरकडची इसारपावती मी चुलीत घातली. मन्मथ म्हणाला, "अप्पा, ठेवा की, पुढच्या झेंड्याला झाला तर?" तो माझाच मुलगा आहे, अक्का. त्याला कुणी बोल लावू नये.

घरात आता मी आणि तो. नळाला पाणी येतं तेवढाच आवाज.

आई पोचली का, ते कळव असं लिहिणार होतो. लिहीत न्हाई. ह्या पाकिटाला साधं पाच रुपयांचं तिकीट लावलंय, पोचपावती जोडलेली न्हाई. तुझ्या सह्या मी लई घेतल्या.

— अप्पा